दिंडोरी लोकसभा : जूनमध्ये एक कौल, नोव्हेंबरमध्ये दुसरा. हा मतदार नेमका कोणाचा?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिक शहरात राहतो, पण माझे नाव अजून चांदवड तालुक्यातील गावच्याच यादीत आहे आणि दर निवडणुकीला मी मतदानासाठी गावी जातो. म्हणजे माझे मत दिंडोरी लोकसभा मतदारसंघात पडते. २०२४ मध्ये या मतदारसंघाने सहा महिन्यांच्या अंतराने जे दोन निकाल दिले, त्यांची संगती मला अजूनही लागलेली नाही, म्हणून हा प्रश्न मांडतो आहे.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, जुन्या मालेगाव मतदारसंघाच्या जागी, २००९ पासून दिंडोरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ अस्तित्वात आला. पहिल्या तिन्ही निवडणुका भाजपने जिंकल्या. हरिश्चंद्र चव्हाण २००९ मध्ये सुमारे ३७ हजारांच्या आणि २०१४ मध्ये सुमारे २ लाख ४७ हजारांच्या फरकाने निवडून आले, तर २०१९ मध्ये डॉ. भारती पवार जवळजवळ १ लाख ९९ हजारांच्या फरकाने विजयी झाल्या आणि पुढे केंद्रात राज्यमंत्रीही झाल्या. मे २०२४ मध्ये मात्र राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे, जे पेशाने शिक्षक, त्यांनी डॉ. पवार यांचा १ लाख १३ हजार १९९ मतांनी पराभव केला. त्या वेळी येवला, निफाड, चांदवड, नांदगाव, कळवण आणि दिंडोरी या सहाही विधानसभा मतदारसंघांचे आमदार महायुतीत होते. सहा आमदार पाठीशी असलेला उमेदवार एवढ्या मोठ्या फरकाने पडतो आणि २३ नोव्हेंबरला तेच सहाच्या सहा आमदार पुन्हा निवडून येतात, हे कसे?

गावच्या पारावर मी माझ्या चुलत्यांना हाच प्रश्न विचारला. मे महिन्यात एका बाजूला आणि नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बाजूला मत दिल्याचे त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले आणि एवढेच म्हणाले, "ती दिल्लीची होती, ही आपली." शहरातील मित्र याला मतदाराचा चंचलपणा म्हणतात. मला ते पटत नाही, पण त्यांना देण्यासारखे उत्तरही माझ्याजवळ नाही. मतदारसंघाच्या निरनिराळ्या भागांतील मंडळींनी आपापल्या भागाचे सांगावे, ही विनंती.

निफाडकर

आपल्या चुलत्यांचे वाक्य बरोबर आहे, पण ते अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग कांद्याच्या हिशेबात सापडतो आणि तो थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण शहरात "कांद्याचा फटका" हे दोन शब्द वापरून सगळे पुढे जातात.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. त्यानंतर ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी थेट निर्यातबंदी. बंदीचा महिना लक्षात घ्या. डिसेंबरमध्ये बाजारात येतो तो लाल कांदा, आणि लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरून चार-पाच महिने वाट पाहता येते. लाल कांदा मात्र काढला की विकावाच लागतो, भाव असो वा नसो. बंदी जाहीर झाली त्या सकाळी माझा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा होता. लिलाव झालेच नाहीत. संध्याकाळी ट्रॉली परत आणून अंगणात ताडपत्रीवर ओतली, आणि चौथ्या दिवशी खालच्या थराला वास सुटला. पुढे लिलाव सुरू झाले तेव्हा आधीच्या भावाच्या जवळजवळ निम्मे पैसे हातात आले. चांदवडला महामार्गावर जो रास्ता रोको झाला आणि ज्याला शरद पवार स्वतः आले होते, तो याच दिवसांतला.

बंदीची मुदत ३१ मार्चपर्यंत होती. ती संपेल या आशेवर लोकांनी उन्हाळ कांदा लावला, आणि मार्चमध्ये ती बेमुदत वाढवण्यात आली. त्यातच एप्रिलच्या अखेरीस गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. २ हजार टन ही मात्रा बाजाराच्या दृष्टीने किरकोळ आहे. लासलगाव आणि पिंपळगावच्या दोन-चार दिवसांच्या आवकेत ती विरून जाईल. पण मनाला लागण्यासाठी टनांची गरज नसते. माझ्या माहितीतील, आयुष्यभर कमळाला मत दिलेले लोकही त्या दिवशी गप्प झाले. ४ मे रोजी बंदी उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, आणि २० मे रोजी आमचे मतदान होते. त्या आधी १५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, तिच्यात एका तरुणाने "कांद्यावर बोला" अशी घोषणा दिली. तो कोण, कोणाचा, यावर नंतर बराच वाद झाला. मंडपातल्या पुष्कळांच्या मनातले तो बोलला, याबद्दल मात्र आमच्याकडे वाद नव्हता.

आता नोव्हेंबरचे पाहा. निर्यातशुल्क लावणारे सरकार दिल्लीचे होते. निफाडचे आमदार दिलीप बनकर हे पिंपळगाव बाजार समितीचे राजकारण करत मोठे झालेले आहेत, त्यामुळे शेतकऱ्याचा त्यांच्याशी संबंध निवडणुकीपुरता नाही. वजनकाटा, पैसे बुडवणारा व्यापारी, शेडमधली जागा, अशा रोजच्या कामांसाठी त्यांच्या माणसांकडे जावे लागते. दिल्लीवरचा राग त्यांच्यावर काढून काय साधणार, असा विचार लोकांनी केला. शिवाय १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य रद्द झाले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि पुढच्या दोन महिन्यांत भाव चार हजारांच्या वर गेला.

येथे एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. भाव चढला तेव्हा माझ्या शिवारातील लहान शेतकऱ्यांच्या चाळी रिकाम्या होत्या. ज्यांना सोसायटीचे कर्ज फेडायचे होते आणि पुढच्या हंगामाचे उळे (कांद्याचे बी) घ्यायचे होते, त्यांनी मे-जूनमध्येच माल विकून टाकला होता. चार हजारांचा लाभ ज्यांना घट सोसून थांबता आले त्यांनाच झाला. म्हणून "भाव वाढला आणि राग विरला" हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल माफ झाले होते, हे त्यात धरावे लागेल. घरातल्या बाईच्या खात्यात पैसे येत होते, तेही धरावे लागेल. पण त्यावर दुसऱ्या कोणी लिहिलेले बरे.

आकडेमोड

निफाडकरांचे विवेचन आवडले, परंतु सगळे कांद्यावर टाकण्यापूर्वी थोडे गणित करून पाहू.

२०१९ मध्ये डॉ. पवार यांना ५ लाख ६७ हजार ४७० मते होती आणि राष्ट्रवादीचे धनराज महाले यांना ३ लाख ६८ हजार ६९१. तिसऱ्या क्रमांकावर माकपचे जे. पी. गावित होते, त्यांनी १ लाख ९ हजारांच्या पुढे मजल मारली होती. २०२४ मध्ये माकपने माघार घेऊन आघाडीला पाठिंबा दिला. म्हणून काही जण म्हणतात की कोणाची निष्ठा बदललीच नाही, केवळ विरोधकांची मते एकत्र आली. ते चुकीचे आहे. २०१९ ची गावितांची सगळी मते महालेंच्या पारड्यात टाकली, तरी भाजप ८९ हजारांनी पुढेच राहतो. तेथून १ लाख १३ हजारांनी मागे पडायचे असेल, तर मतविभागणी टळण्याखेरीज माणसे खरोखरच इकडून तिकडे जावी लागतात. डॉ. पवार यांची स्वतःची मते ४ लाख ६४ हजार १४० पर्यंत खाली आली, म्हणजे १ लाख ३ हजारांहून अधिक घट, आणि तीही पाच वर्षांत मतदारयादी वाढलेली असताना.

याच निवडणुकीत बाबू भगरे नावाच्या अपक्षाला १ लाख ३ हजार ६३२ मते पडली. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की लोक त्यांची सांगड घालतात. तो निव्वळ योगायोग आहे. या अपक्षाचे चिन्ह ट्रम्पेट होते आणि मराठीत त्याचे नाव "तुतारी" असे दिलेले होते. भास्कर भगरे यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. एकच आडनाव आणि चिन्हाच्या नावातही तोच शब्द. तेव्हा ही मते भाजपकडून गेलेली नसून बहुतांशी भास्कर भगरे यांच्या वाट्याची असावीत, असे मानण्यास जागा आहे. तसे असेल तर मे महिन्यातील खरे अंतर दोन लाखांच्या घरात जाते आणि गोदाकाठ यांचे कोडे आणखी अवघड होते.

डोंगरवाट

मी सुरगाणा तालुक्यातील आहे. आपण सर्वांनी आतापर्यंत जे लिहिले ते कादवा नदीच्या खोऱ्यातले झाले. आमच्याकडे कांदा नाही. नागली, वरई आणि भात आहे. मतदारसंघ राखीव आमच्यामुळे आहे, पण त्याची चर्चा नेहमी लासलगावच्या भावावरून सुरू होते, याची थोडी गंमत वाटते.

आमच्या भागातील मोठा प्रश्न वनजमिनीचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने चार हेक्टरपर्यंतचा दावा मान्य होऊ शकतो, प्रत्यक्षात कसणाऱ्याच्या हाती पडलेल्या कागदावर कित्येकदा गुंठ्यांतच क्षेत्र असते. माझ्या मामांच्या घरी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, देवाच्या फळीवर ठेवलेला आहे. कसतात पाच एकर आणि कागदावर आहेत तीस गुंठे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो किसान मोर्चा चालत गेला, त्यात आमच्या पाड्यांवरची माणसे का होती, याचे उत्तर त्या पिशवीत आहे. लाल झेंड्याशी असलेले नाते त्यामुळे निवडणुकीपुरते नाही.

हे नाते किती टिकाऊ आहे ते कळवण मतदारसंघात दिसते, ज्यात सुरगाणा येतो. २०१४ मध्ये गावित निवडून आले, २०१९ मध्ये नितीन पवार यांनी त्यांना सात हजारांच्या आत हरवले आणि २०२४ मध्ये साडेआठ हजारांच्या आत. दहा वर्षांत देशात आणि राज्यात काय काय उलथापालथ झाली, पक्ष फुटले, आमचे दोन बाजूंचे लोक मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. कळवणकडचा बराचसा मतदार ए. टी. पवारांच्या घराण्याशी बांधलेला, सुरगाण्याकडचा बराचसा गावितांशी. डॉ. भारती पवार याच घराण्यातील सून आणि नितीन पवार त्यांचे दीर, तरी दोघांना पडणारी मते एकच नाहीत, हेही मे महिन्यात कळले. आपण ज्याला निष्ठा बदलणे म्हणता ते पूर्वेकडे अधिक झाले आणि आमच्याकडे कमी, असे माझे मत आहे. लोकसभेला आमचा उमेदवारच नव्हता; पक्षाने सांगितले तेथे आम्ही मत दिले.

दिंडोरी-पेठची गोष्ट वेगळी आहे. नरहरी झिरवाळ कोणत्या गटात आहेत याचा विचार तेथील मतदार फारसा करत नाही, असे मला दिसते. पेसा (आदिवासी अनुसूचित) क्षेत्रातील नोकरभरती आणि धनगर आरक्षण या प्रश्नांवर विधानसभेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रालयातील सुरक्षा जाळीवर उडी मारली. शहरात त्यावर विनोद झाले. पाड्यांवर ती चित्रफीत लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिली आणि "आपला माणूस उडी तर मारतो" असे म्हणाले. स्वतःच्याच सरकारविरुद्ध उडी मारून ते त्याच सरकारचे उमेदवार म्हणून ४४ हजारांच्या फरकाने निवडून आले, यात पाड्यांवरच्या लोकांना काही विसंगती वाटली नाही.

आणखी एक बाब. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी आमच्याकडील टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मुलेही बरोबर असतात. म्हणजे एकाच लोकसभा मतदारसंघात बागाईतदार आणि त्याचा मजूर एकत्र मतदान करतात. निर्यातबंदीने बागाईतदार चिडला तेव्हा त्याच्या मजुराला काय वाटले, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मनमाड जंक्शन

थोडक्यात सांगतो. नांदगाव मतदारसंघात मे महिन्यात संविधानाचा मुद्दा होता, विशेषतः मनमाडच्या आंबेडकरी आणि मुस्लिम वस्त्यांत; नोव्हेंबरमध्ये नळाचा. मनमाडला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याची सवय झालेल्या माणसाला करंजवण धरणातून येणारी जलवाहिनी दिसली की त्याचे बोलणे बदलते. सुहास कांदे जवळजवळ ९० हजारांच्या फरकाने निवडून आले, तेही समीर भुजबळ अपक्ष म्हणून समोर असताना. त्यात इतरही कारणे असतील, पण आमच्या गल्लीत निवडणुकीची चर्चा टाक्या आणि टँकर यांच्यापलीकडे गेली नाही.

करंजवण धरण दिंडोरी तालुक्यात आहे, याची आठवण तिकडच्या मंडळींना असेलच. पालखेडचा डावा कालवाही तिकडूनच येवल्याला येतो. पश्चिमेचे पाणी पूर्वेला आणणे म्हणजेच या मतदारसंघाचे राजकारण, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. डोंगरवाट, आपला शेवटचा परिच्छेद वाचून मी ओशाळलो. माझ्या प्रश्नातही मजूर नव्हता. महिलांबद्दल निफाडकरांनी मुद्दाम जागा सोडली आहे. लाडक्या बहिणीच्या पैशांनीच नोव्हेंबरचा निकाल फिरला, असे सर्रास बोलले जाते. त्याबाबत गावात प्रत्यक्ष काम केलेल्या कोणी लिहिल्यास बरे होईल.

कोटमगावची

मी येवला तालुक्यात अंगणवाडीचे काम करते. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये या योजनेचे अर्ज आम्हीच भरले, म्हणून लिहिण्याचा अधिकार घेते.

१५०० रुपये महिना, आणि निवडणुकीपूर्वी पाच महिन्यांचे मिळून साडेसात हजार रुपये बायकांच्या खात्यात आले. याला कोणी मतांची खरेदी म्हणते तेव्हा मला राग येतो. कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान मिळाले, तेव्हा शेतकरी विकला गेला असे कोणी म्हणाले नव्हते. अर्जासाठी आलेल्यांपैकी कित्येक जणींचे खाते नवऱ्याबरोबर संयुक्त होते किंवा आधारशी जोडलेले नव्हते, त्यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते उघडावे लागले. एक साठीच्या आजी दोन दिवस अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून परत गेल्या. कांद्याची पात कापून कापून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ठसा उमटला तेव्हा रांगेतल्या सगळ्या हसल्या. त्या आजींनी कोणाला मत दिले हे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही.

तरीसुद्धा सगळे श्रेय या योजनेला देणे मला पटत नाही, गोदाकाठ दादा. आमच्या येवल्यात वर्षभर मराठा आणि ओबीसी आरक्षणाचा वाद तापलेला होता. छगन भुजबळ त्याच्या अगदी मध्यभागी होते. ते सुमारे २६ हजारांनी निवडून आले, पण गावागावांत मते जातीच्या रेषेवर जितकी सरळ वाटली गेली तितकी मी पूर्वी पाहिली नव्हती. लासलगाव आणि विंचूर ही निफाड तालुक्यातील गावे विधानसभेला येवल्यात आहेत, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. तेथे कांदाही होता आणि आरक्षणही. एका घरात सासरे आरक्षणाकडे पाहून, मुलगा कांद्याकडे पाहून आणि सून खात्याकडे पाहून मतदानाला गेली असेल, तर त्या घराची निष्ठा कोणती म्हणायची?

आकडेमोड

ताईंच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर नाही, हे मान्य करतो. एक जुनी नोंद मात्र येथे उपयोगी पडेल. या भागाच्या जुन्या मालेगाव मतदारसंघाने १९९९ मध्ये जनता दल (सेक्युलर) चे हरिभाऊ महाले निवडून दिले होते आणि पुढच्याच निवडणुकीत, २००४ मध्ये, भाजपचे हरिश्चंद्र चव्हाण. तेव्हा लाडकी बहीण नव्हती आणि शिवसेना-राष्ट्रवादीतली अलीकडची फूटही नव्हती. भाजपचा गड म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो, तो वीस वर्षांचा एक टप्पा आहे. त्याआधीही हा मतदार फिरत होता.

निफाडकर

ताईंचे सासरे-मुलगा-सून माझ्याच घरात आहेत असे वाटले.

शेवटी एवढेच लिहितो की १ एप्रिल २०२५ पासून उरलेले २० टक्के निर्यातशुल्कही उठले. बंदी नाही, शुल्क नाही, किमान मूल्य नाही. आम्ही जे मागत होतो ते सगळे मिळाले. त्या वर्षी उन्हाळ कांदा मी ऑगस्टपर्यंत चाळीत ठेवला आणि भाव बाराशे-तेराशेच्या आसपासच रेंगाळला. डिसेंबर २०२३ मध्ये राग कोणावर काढायचा ते शेजारच्या दहावीतल्या मुलालाही ठाऊक होते. या वेळी पारावर तीन संध्याकाळी बसून चर्चा झाली, आवक, बांगलादेश, नाफेड, पाऊस असे सगळे निघाले, आणि ते काही ठरले नाही.